पाचारणाची पारख: डिव्हिनिटी स्कूलमध्ये असताना आपलं काम कोणतं हे कसं ओळखायचं

पहिल्याच आठवड्यात ओरिएंटेशनला सगळ्यांना गोल बसवतात आणि एकेकाला सांगतात, तुमची कॉल स्टोरी सांगा. म्हणजे पाचारण, देवानं आपल्याला या कामाला बोलावणं, ते कधी झालं, कसं झालं, इथपर्यंत कसे पोचलात वगैरे. एकजण सांगतो आजी गेली तेव्हा त्या खोलीत काहीतरी जाणवलं, दुसरी सांगते सोळाव्या वर्षी युथ कॅम्पला शेकोटीपाशी रडले आणि कळलं, आणि तुमची पाळी येईपर्यंत तुमच्या पोटात गोळा, कारण तुमच्याकडे शेकोटी पण नाही आणि खोलीतलं काहीतरी पण नाही, तुम्हाला फक्त धर्मशास्त्र वाचायला आवडतं आणि आधीची नोकरी नकोशी झाली होती. मी त्या दिवशी जे सांगितलं ते माझ्या अ‍ॅडमिशनच्या निबंधातलं होतं, पाठ झालेलं. लोकांनी माना डोलावल्या. मला स्वतःला मात्र ते कुणा दुसऱ्याचं ऐकल्यासारखं वाटलं.

हे लिहितेय ते अशा लोकांसाठी. अमेरिकन पद्धतीचं डिव्हिनिटी स्कूल, म्हणजे धर्मशास्त्राचं कॉलेज, डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय, जिथं एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी, पाळक व्हायला लागते ती पदवी) तीन वर्षांचं असतं, निदान ७२ क्रेडिटचं, आणि वर्गात पाळक व्हायचं ठरवून आलेले, पीएचडीकडे डोळे लावून बसलेले, दुसऱ्या धर्माचे, आणि देव आहे की नाही तेच बघायला आलेले असे सगळे एका बाकावर असतात. मी ख्रिस्ती भाषेत बोलणार कारण मला तीच येते, तुमची वेगळी असेल तर शब्द बदलून घ्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाचारणाचा पुरावा गोळा करावा लागतो, रोजच्या रोज, लेखी, आणि तो पुरावा बहुतेक वेळा लायब्ररीबाहेर सापडतो. बाकी सगळं याचाच विस्तार आहे.

सुरुवात निबंधापासून करा

अ‍ॅडमिशनचा निबंध काढा. प्रिंट काढलीत तर उत्तम. जी वाक्यं कमिटीला बरं वाटावं म्हणून लिहिली होती त्यांच्याखाली रेघ मारा. प्रामाणिकपणे मारा, कुणी बघत नाहीये. माझ्या दोन पानांत रेघ न मारलेली चार वाक्यं उरली, आणि त्यातलं एक होतं, मला आजारी माणसाजवळ बसायला भीती वाटत नाही. ते मी जाता जाता लिहिलं होतं, परिच्छेद भरायला. ती उरलेली वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा आणि निबंध टाकून द्या.

मग विजेचा प्रश्न. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात कुठंतरी प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर बसलेला असतो, २ जुलै १५०५, स्टॉटर्नहाइमजवळ वादळ, वीज पडली, घाबरून संत अ‍ॅनला नवस बोलला की मी संन्यासी होईन, आणि पंधरा दिवसांत एरफुर्टच्या मठात हजर. बापाला त्याला वकील करायचं होतं, तो खवळला, आणि नंतर ल्यूथरनं धर्मगुरू म्हणून केलेल्या पहिल्या मिस्साच्या (प्रभुभोजनाच्या उपासनेच्या) वेळी त्यानं तोंडावर विचारलं म्हणे की ते सैतानाचं सोंग नव्हतं कशावरून. गंमत बघा, ज्या माणसाला विजेनं मठात नेलं तोच पुढं मठ सोडून बाहेर आला आणि शिकवू लागला की मोलकरीण, चांभार, आईबाप यांचं रोजचं काम हेही पाचारणच. जर्मनमध्ये त्यानं त्यासाठी बेरुफ हा शब्द रूढ केला, आज त्या भाषेत साध्या धंद्या-व्यवसायाला तोच शब्द आहे. तेव्हा वीज पडली नाही म्हणून खट्टू होऊ नका, ज्याच्यावर पडली त्यालाही नंतर अर्थ बदलून घ्यावा लागला.

बायबलमधली शमुवेलाची गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकलेली आहे पण तिच्यातली मधली ओळ आपण विसरतो. पोराला हाक ऐकू आली, आणि तो तीन वेळा उठून चुकीच्या माणसाकडे धावला. "बोल, तुझा दास ऐकत आहे" हे त्याला सुचलेलं नाही, ते मंदिरातल्या एली याजकानं शिकवलं, आणि एली तेव्हा म्हातारा, डोळे अधू, स्वतःची पोरं वाया गेलेली. म्हणजे हाक कुणाची ते ओळखायला दुसरा माणूस लागला, आणि तो दुसरा माणूस काही आदर्श वगैरे नव्हता. प्रोफेसर निवडताना हे लक्षात ठेवा.

वही

हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात कामाचं. पद्धत मूळची इग्नेशियस लोयोलाची आहे, ज्यानं पुढं जेझुइट संघ काढला तो स्पॅनिश सरदार. मे १५२१ मध्ये पॅम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्यानं त्याचा पाय मोडला, घरी अंथरुणावर पडून राहावं लागलं, त्याला वाचायला हव्या होत्या सरदारांच्या प्रेमाच्या आणि पराक्रमाच्या कादंबऱ्या, पण घरात त्या नव्हत्या, होतं फक्त ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. मग तो दोन प्रकारची दिवास्वप्नं बघायला लागला. एकात तो एका उच्चकुलीन बाईसाठी पराक्रम करतोय, दुसऱ्यात अनवाणी यरुशलेमला जातोय. बघताना दोन्ही तितकीच गोड लागायची. फरक नंतर पडायचा, पहिल्यानंतर मन कोरडं पडायचं, दुसऱ्यानंतर समाधान टिकून राहायचं. तो चाट पडला आणि त्यानं त्याची नोंद घ्यायला सुरुवात केली. पुढची सगळी साधना, सगळे नियम, या एका निरीक्षणातून निघालेत.

यातली मेख "नंतर" या शब्दात आहे. सेमिनारमध्ये वाद घालताना मजा येते, ती सगळ्यांनाच येते. संध्याकाळी सहा वाजता काय उरलं ते लिहायचं.

मी असं करायचे: रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं, एक पान, आज काय काय केलं त्यातल्या तीन गोष्टी, आणि प्रत्येकीपुढं ती संपल्यावर कसं वाटलं ते चार शब्दांत. विश्लेषण नाही, देवाला पत्र नाही, सुंदर मराठी-इंग्रजी नाही. आणि सहा आठवडे मागं वळून वाचायचं नाही, ही अट पाळा, नाहीतर आपण आपल्याच वहीला खूश करायला लागतो. सहा आठवड्यांनी एका बैठकीत सगळं वाचायचं आणि वेगळ्या रंगानं खुणा करायच्या. माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते. "ग्रीकचा क्विझ, बरा गेला, काही नाही. ख्रिस्तशास्त्राच्या सेक्शनमध्ये खूप बोलले, सगळे ऐकत होते, घरी येऊन चिडचिड. वरच्या मजल्यावरच्या मुलीचे वडील वारले, तिच्या बॅगा भरायला मदत केली, दमले, झोप छान." असली पानं अकरा निघाली. शेवटची नोंद दरवेळी वेगळी, पण साचा तोच, कुणाच्या तरी अडचणीत हातानं काहीतरी केलं, दमले, झोप छान. दमण्याचे दोन प्रकार असतात हे मला त्या वहीनं शिकवलं, एका प्रकारानंतर माणूस फोन घेऊन दोन वाजेपर्यंत लोळतो आणि दुसऱ्या प्रकारानंतर झोपतो.

दोन धोके सांगते. पहिला म्हणजे गोड वाटणारी प्रत्येक गोष्ट खरी धरणं. इग्नेशियस तिशी उलटल्यावर बार्सिलोनात पोरांच्या बरोबरीनं लॅटिनचं व्याकरण घोकायला बसला, आणि घोकायला बसलं की त्याला भराभरा आध्यात्मिक गोष्टी सुचायला लागायच्या, डोळ्यांत पाणी वगैरे. त्यानं विचार केला की प्रार्थनेत आणि मिस्सात हे एवढं होत नाही, मग क्रियापदं पाठ करतानाच का? आणि ठरवलं की हा मोह आहे, शिक्षकांना गाठून वचन दिलं की दोन वर्षं तासाला नियमानं बसेन. हिब्रूच्या परीक्षेच्या आदल्या रात्री ज्यांना अचानक साऱ्या जगाच्या दुःखाची हाक ऐकू येते (मला यायची) त्यांनी हे चिकटवून ठेवावं भिंतीवर.

दुसरा धोका उलटा. मन कोरडं पडलेलं असताना निर्णय बदलायचा नाही, हा इग्नेशियसच्याच नियमांपैकी एक आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी. सेमिस्टरच्या शेवटच्या तीन आठवड्यांत, ब्रेकअपनंतर, घरी कुणी आजारी असताना, पेपरवर वाईट शेरा आल्यावर, या काळात सोडून जायचा फॉर्म भरायचा नाही आणि दीक्षेचा, म्हणजे पाळक म्हणून अधिकृत नेमणुकीच्या विधीचा, अर्जही भरायचा नाही. जे आधी शांत असताना ठरवलं होतं त्यावर टिकून राहायचं, जरा जास्त प्रार्थना, जरा जास्त झोप. एक अपवाद: कोरडेपणा महिनोन्‌महिने चालला, खाणंझोपणं बिघडलं, उठावंसंच वाटेना, तर ती पारख करायची वेळ नाही, डॉक्टरकडे किंवा काउन्सेलरकडे जायची वेळ आहे. डिप्रेशनला "आत्म्याची काळी रात्र" असं भारी नाव देऊन बसलेले दोघंतिघं मी पाहिलेत, आणि त्यांचं वर्ष वाया गेलं.

फील्डवर्क, म्हणजे जिथं खरं काय ते कळतं

फील्ड एज्युकेशनची, म्हणजे शिकता शिकता चर्चमध्ये, हॉस्पिटलमध्ये वगैरे प्रत्यक्ष काम करायची, जागा निवडताना आपण काय करतो, जिथं आधीच बरं जमतं तिथं जातो. करू नका. एक जागा आवडीची घ्या आणि एक जागा अशी घ्या जिची धास्ती वाटते. भीती वाटते म्हणजे ते आपलं काम नाही असा अर्थ होत नाही, बायबलमधला योना देवानं पाठवलं त्याच्या उलट्या दिशेच्या जहाजात बसला आणि मोशेनं तर सबबींची यादीच दिली, मला बोलता येत नाही इथपर्यंत. पण भीती वाटते म्हणजे तेच आपलं काम असंही नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून करून बघायचं.

सीपीई करा. क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन. एक युनिट साधारण ४०० तासांचं, बहुतेक वेळा हॉस्पिटलमध्ये, वॉर्डात फिरायचं, रात्रपाळ्या करायच्या आणि मग गटात बसून स्वतःची चिरफाड करून घ्यायची. याची सुरुवात ज्या माणसानं केली त्याची हकिकत पाचारणाच्या संदर्भात मला फार महत्त्वाची वाटते. अँटन बॉइसन, पाळक, १९२० मध्ये त्याला मानसिक आजाराचा मोठा झटका आला आणि त्याला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. तिथं त्याच्या लक्षात आलं की माझ्या आत जे चाललंय त्याचा धर्माशी संबंध आहे आणि इथं त्याबद्दल बोलायला कुणीच नाही. बरा झाल्यावर तो १९२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टर स्टेट हॉस्पिटलमध्ये चॅप्लन (संस्थेत नेमलेला धर्मसेवक) झाला आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्यानं धर्मशास्त्राचे विद्यार्थी तिथं आणले. त्यांनी माणसांना ग्रंथासारखं वाचायला शिकावं असा त्याचा आग्रह. म्हणजे ज्या गोष्टीमुळे त्याचं करिअर संपलं असं कुणीही म्हटलं असतं, तिथूनच त्याचं खरं काम निघालं. तुमच्या निबंधात जे लिहायची लाज वाटली तेही एकदा तपासून बघा.

सीपीईमध्ये व्हर्बेटिम लिहावं लागतं. पेशंटशी झालेलं बोलणं आठवेल तसं शब्दशः, नाटकाच्या संवादासारखं, मध्ये कंसात गप्प बसलो ते सुद्धा. माझं दुसरंच व्हर्बेटिम. एक बाई, नवऱ्याचं ऑपरेशन चालू, वेटिंग रूममध्ये एकटी. मी जाऊन नीट शिकवल्याप्रमाणे ओळख करून दिली आणि विचारलं, तुमच्यासोबत प्रार्थना करू का. ती म्हणाली, आधी माझा फोन चार्ज करून मिळेल का, मुलाला कळवायचंय. मग मी वीस मिनिटं तो चार्जर शोधत हिंडले, नर्सिंग स्टेशन, कॅफेटेरिया, शेवटी सिक्युरिटीवाल्याच्या ड्रॉवरमध्ये मिळाला. फोन लागला, ती मुलाशी बोलली, रडली, आणि मग माझ्याशी पाऊण तास बोलली. शेवटी तिनंच म्हटलं, आता करा प्रार्थना.

मी व्हर्बेटिममध्ये प्रार्थना दीड पान लिहिली आणि चार्जर एका ओळीत. सुपरवायझर बाईंनी प्रार्थनेकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं, चार्जर शोधताना तुला कसं वाटत होतं? मी म्हटलं, बरं वाटत होतं, मस्त. आणि प्रार्थना करताना? मी म्हटलं, तोंडी परीक्षा दिल्यासारखं. त्या "हं" म्हणाल्या आणि पुढच्याकडे वळल्या. त्यांनी अर्थ सांगितला असता तर मी वाद घातला असता, त्यांनी सांगितला नाही म्हणून तो "हं" मला महिनाभर पुरला.

करून बघायचं म्हणजे हेच. काम करायचं, लगेच लिहून काढायचं, आणि दुसऱ्याला वाचायला द्यायचं. आपण कुठं पाल्हाळ लावलं आणि कुठं एका ओळीत उरकलं ते आपल्याला दिसत नाही, त्याला दिसतं.

चर्चमध्ये फील्डवर्क असेल तर उपदेश देण्यावर भर देऊ नका एवढंच सांगते. उपदेश सगळ्यांना आवडतो, त्यात टाळ्या नसल्या तरी माना डोलतात. मंडळीची हिशेबाची मीटिंग, छत गळतंय त्याची चर्चा, दोन घराण्यांचं दहा वर्षांचं भांडण, शनिवारी रात्री आलेला फोन, या गोष्टींना बसा. पाळकाचं आयुष्य त्यात जातं. ते बघून ज्याला वाटतं की ठीक आहे, हे पण माझंच, त्यानं पुढं जावं. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते व्यासपीठाला जेवढं लागू आहे तेवढं कशालाच नाही.

माणसं, आणि त्यांना काय विचारायचं

जुन्या प्रॉटेस्टंट परंपरेत पाचारणाचे दोन भाग धरतात, सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन, त्याच्या लिखाणातही ते आहेत. एक आतलं, जे फक्त तुम्हाला माहीत, आणि एक बाहेरचं, जे मंडळी देते. डिव्हिनिटी स्कूलमध्ये घोडं पेंड खातं ते इथं, कारण आपण आतल्याबद्दल तीन वर्षं बोलतो आणि बाहेरच्याला कागदपत्रांची कटकट समजतो. खरं तर ती कटकट हीच मदत आहे, निदान असू शकते.

तुमच्या पंथाची प्रक्रिया पहिल्याच सेमिस्टरला वाचून काढा. प्रेस्बिटेरियन चर्च यूएसएमध्ये आधी इन्क्वायरर (चाचपणी करणारा) मग कँडिडेट (उमेदवार) असे टप्पे, मिळून कमीत कमी दोन वर्षं, त्यातलं किमान एक वर्ष कँडिडेट म्हणून. एपिस्कोपलमध्ये पॅरिशपासून, म्हणजे स्थानिक मंडळीपासून, सुरुवात आणि बिशपचं मत निर्णायक. बॅप्टिस्टांत दीक्षा स्थानिक मंडळीच देते. तिसऱ्या वर्षी जाग आली तर पदवी हातात आणि प्रक्रिया सुरूच व्हायची असं होतं, आणि मग लोक घाईत हो म्हणतात.

आता एक गोष्ट जी कोर्स कॅटलॉगमध्ये नसते: क्लिअरनेस कमिटी. क्वेकर लोकांची, म्हणजे शांत बसून उपासना करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची पद्धत, सतराव्या शतकात लग्न करू इच्छिणाऱ्या जोडप्यांसाठी सुरू झाली, नंतर सगळ्याच मोठ्या निर्णयांना वापरायला लागले. क्वेकर नसलात तरी चालतं. पाचसहा माणसं निवडा, आणि ती एकाच गोटातली नकोत. एक वर्गातलं, एक तुम्हाला शाळेच्या आधीपासून ओळखणारं, एक वयानं बरंच मोठं, एक असं ज्याला धर्माशी देणंघेणं नाही. आठवडाभर आधी तुमचा प्रश्न दोनतीन पानांत लिहून पाठवा, आतापर्यंत काय झालं, अडलंय कुठं, डोक्यात कुठला कल आहे. मग दोन तास बसायचं. नियम एकच पण कडक, त्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, खरे प्रश्न, ज्यांचं उत्तर त्यांना माहीत नाही असे. सल्ला नाही, स्वतःची गोष्ट नाही, "माझ्या भावाचं पण असंच झालं होतं" नाही. तुम्ही उत्तर देऊ शकता किंवा म्हणू शकता, हे आत्ता नको. मध्ये शांतता पडली तर पडू द्यायची. तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, आणि नंतर तुमच्याकडेही तो विषय कुणी काढायचा नाही.

लोकांना हे भयंकर जड जातं. "तू काउन्सेलिंगचा विचार केलास का?" हा प्रश्न नाही, तो प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला आहे, आणि पहिल्या अर्ध्या तासात सगळे हेच करतात. एकाला नियम सांभाळायला बसवा, त्यानं हळूच हात वर करायचा. माझ्या वेळी धर्माशी देणंघेणं नसलेल्या मैत्रिणीनं विचारलं, तू चर्चबद्दल बोलताना "त्यांना" म्हणतेस आणि हॉस्पिटलबद्दल बोलताना "आम्ही", हे तुला माहितीये का? मला माहीत नव्हतं.

याशिवाय एक आध्यात्मिक मार्गदर्शक असावा, महिन्यातून एकदा तासभर, आणि तो तुम्हाला मार्क देणारा किंवा तुमच्या दीक्षेवर मत देणारा नसावा. एवढं पाळलंत तरी पुष्कळ. ज्याच्या हातात आपला अर्ज आहे त्याच्यापुढं कुणी खरं बोलतं का?

घरच्यांबद्दल. पाळकांच्या घरात जन्मलेल्यांना वाटतं आपल्याला पाचारण आहे की वारसा आहे कळत नाही, आणि ज्यांच्या घरी कुणीच असलं काही केलेलं नाही त्यांना वाटतं आपण घरच्यांना फसवतोय. दोघांनाही उपाय तोच, वही. बापाचं नाव किती वेळा येतं ते मोजा.

व्यासपीठ सोडून

शिकवायचंय, पीएचडी करायचीय असं ज्यांना वाटतं त्यांनी स्वतःला विचारावं की मला विषय आवडतो की त्या प्रोफेसरांसारखं व्हायला आवडेल. मग पीएचडीच्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या माणसाला कॉफीला गाठा आणि विचारा, तुझा मंगळवार कसा जातो, तासातासानं सांग. वाचायला जर्मन फ्रेंच शिकावं लागेल, पाचसहा वर्षं जातील आणि शेवटी कायम नोकरी मिळेलच असं नाही, धर्माच्या क्षेत्रात जागा कमी आणि अर्ज फार. हे सगळं ऐकूनही वहीत "नंतर बरं वाटलं" असं येत असेल, तर ते खरं असायची शक्यता बरीच.

चॅप्लन व्हायचं असेल, हॉस्पिटल, हॉस्पिस, तुरुंग, सैन्य, विद्यापीठ, तर आधी बघा काय काय लागतं. हॉस्पिटलमध्ये बोर्ड सर्टिफाइड व्हायला साधारणपणे ४ युनिट सीपीई लागते, म्हणजे १६०० तास, शिवाय तुमच्या धर्मसंस्थेचं एन्डॉर्समेंट, म्हणजे लेखी मान्यता. म्हणजे चॅप्लन होऊन चर्चपासून सुटका होईल असं ज्यांना वाटतं त्यांची सुटका होत नाही, सही त्यांचीच लागते.

आणि पैसा. यावर बोलायला आपण लाजतो, जणू पाचारण आलं की हप्ते थांबतात. किती कर्ज झालं, महिन्याला किती भरावं लागेल, ज्या कामाचा विचार करताय त्याचा सुरुवातीचा पगार किती, हे तीन आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहा आणि तो कागद मार्गदर्शकालाही दाखवा. आकडे जुळत नाहीत म्हणजे पाचारण खोटं असं नाही. पौल करिंथमध्ये तंबू करून पोट भरत होता, प्रेषितांच्या कृत्यांत अठराव्या अध्यायात आहे, आणि अर्धवेळ पाळक अर्धवेळ दुसरी नोकरी असं करणारे आज कितीतरी आहेत. पण मग दुसरी नोकरी कुठली ते शाळेत असतानाच ठरवा, त्याचं एखादं सर्टिफिकेट तिथंच होऊन जाऊ दे.

उत्तर "नाही" आलं तर

येतं. आणि ते पण उत्तरच. अमेरिकन निबंधकार इमर्सन हार्वर्डच्या डिव्हिनिटी स्कूलमध्ये शिकला, १८२९ मध्ये बोस्टनच्या सेकंड चर्चमध्ये पाळक झाला आणि १८३२ मध्ये प्रभुभोजनाच्या विधीवरून मन मानेना म्हणून राजीनामा दिला. पुढं व्याख्यानं आणि निबंध हेच त्याचं व्यासपीठ झालं, आणि १८३८ मध्ये त्याच डिव्हिनिटी स्कूलच्या पदवीच्या वर्गानं त्याला भाषणाला बोलावलं, ते भाषण एवढं झोंबलं की हार्वर्डनं त्याला पुढची जवळजवळ तीस वर्षं बोलावलं नाही. इग्नेशियसला तरी काय, यरुशलेमला राहायचं हे त्याचं पक्कं होतं, १५२३ मध्ये पोचला, आणि तिथल्या फ्रान्सिस्कन संन्याशांनी त्याला परत पाठवलं. यरुशलेम नाही तर मग काय, या प्रश्नावर तो शिकायला बसला.

आणि आतलं पाचारण एकदाच होतं हेही खरं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पाळकाची दीक्षा १९०४ ची, आणि १९१७ मध्ये, सगळं स्थिरस्थावर असताना, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. १९१९ मध्ये ते गेले. म्हणजे दीक्षेनंतर तेरा वर्षांनी पुन्हा नव्यानं.

व्यवहाराचं सांगायचं तर शाळा सोडणं आणि शाळेत राहणं यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या असतात. एक वर्षाची रजा घेता येते, बहुतेक ठिकाणी. एम.डिव्ह. सोडून दोन वर्षांच्या एम.टी.एस.मध्ये (धर्मशास्त्राच्या अभ्यासाची पदवी) जाता येतं का ते रजिस्ट्रारला विचारा, क्रेडिट किती धरतील ते लेखी घ्या, स्कॉलरशिपचं काय होईल ते वेगळं विचारा कारण ते दुसऱ्या खिडकीवर असतं. दीक्षेची प्रक्रिया थांबवणं आणि रद्द करणं यात फरक असतो, थांबवणं मागा.

आणि ठरवायचं कसं

कधीतरी ठरवावं लागतं. सगळी खात्री झाल्यावर ठरवू म्हणाल तर जन्म जाईल. हिटलरला विरोध करणारा जर्मन पाळक बॉनहॉफर १९३९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला आला, मित्रांनी सगळी सोय केलेली, जर्मनीत युद्धाची चाहूल, आणि महिन्याभरात तो परत गेला. त्या दिवसांतल्या डायरीत त्यानं लिहिलंय की आपल्या निर्णयांमागची कारणं आपल्यालाच नीट कळत नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाला कळली नाहीत, आपल्याला नाही कळली तरी चालेल.

मी जी युक्ती वापरली ती सांगते. सात दिवस असं समजून जगायचं की चॅप्लन व्हायचं ठरलं. कुणाला सांगायचं नाही. सकाळी उठताना, भांडी घासताना, झोपताना, मी चॅप्लन होणार आहे, झालं, ठरलं. वहीत रोज लिहायचं. मग सात दिवस, चॅप्लन होणार नाही, मंडळीत पाळक होणार, ठरलं. परत वही. यादी करून फायदेतोटे मांडण्यापेक्षा हे बरं, कारण यादीत आपण लबाडी करतो आणि भांडी घासताना करता येत नाही. दुसऱ्या आठवड्याच्या चौथ्या दिवशी मी लिहिलंय, "कुणीतरी मेल्यासारखं वाटतंय, कोण ते कळत नाही." तेव्हा कळलं.

ठरलं की लगेच जाहीर करू नका, दोन आठवडे नुसते काढा, प्रार्थनेत तेच धरून बसा, अजून तसंच वाटतंय का बघा. मग सांगायचा क्रम नीट लावा. ज्याला सगळ्यात जास्त वाईट वाटणार आहे त्याला आधी. माझ्या बाबतीत ते होते आमच्या मंडळीचे म्हातारे पाळक, ज्यांनी गेली चार वर्षं दर रविवारी प्रार्थनेत माझं नाव घेतलं होतं आणि माझ्यासाठी आपली खुर्ची मनात राखून ठेवली होती. त्यांना मी मेसेज टाइप केला होता, चांगला लांब, तीनदा सुधारलेला. पाठवला नाही. मेसेज करू नका, फोन लावा, आणि त्यांचं बोलून होईपर्यंत ठेवू नका.